रोज काढावीशी वाटेल अशी सायकल

धुळे

चि. सोनू हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

कॉलेजला जायला सायकल घ्यायची ठरवलीस हे ऐकून फार बरं वाटलं. ताई म्हणाली, तुझा डोळा जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या गिअरच्या सायकलवर आहे. पैसे मोजण्याआधी माझं थोडं ऐक.

तुमचं जळगाव शहर बहुतेक सपाट. कॉलेज, बाजार, कधी संध्याकाळी मेहरूण तलाव, एवढ्यासाठी एकवीस गिअर लागत नाहीत. खाचांचे जाड टायर मातीत कामाचे. डांबरावर ते घरघरतात आणि पाय लवकर थकवतात. स्वस्त सायकलीतला शॉकअप वजन वाढवतो आणि पायडलचा निम्मा जोर खातो की काय असं वाटतं.

तू ताठ बसता येईल अशी सायकल घे. हँडल सीटपेक्षा जरा वर असावं. पुढे वाकून बसलं की भार मनगटांवर आणि मानेवर येतो. ताठ बसलं की तो बैठकीच्या हाडांवर येतो, आणि रस्ताही नीट दिसतो. म्हणूनच अशा सायकलीला रुंद, स्प्रिंगची सीट शोभते. नुसत्या मऊ गादीला भुलू नकोस. तिच्यात हाडं रुततात आणि थोड्या वेळाने बूड दुखू लागतं.

आपल्याकडे मास्तर, पोस्टमन, दूधवाले ज्या काळ्या उंच सायकली वापरत, त्या अशाच होत्या. सोनीपतची ॲटलस 1951 सालची, लुधियानाची हिरो 1956 सालची. या कंपन्यांनी ही घडण गावोगाव नेली. 28 इंची चाक खड्ड्यात कमी बुडतं, लांबट सांगाड्यामुळे हिसका कमी बसतो. इथे धुळ्यात इंग्रज अमदानीत कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या सरळ गल्ल्यांतून माणसं वर्षानुवर्षं अशाच सायकलींवर कामाला गेली. ती शर्यतीला निघालेली नव्हती. त्यांना रोज जायचं होतं आणि घामाघूम न होता पोचायचं होतं.

चेनकव्हर पूर्ण असू दे. ओढणी अडकत नाही आणि आपल्या काळ्या मातीची धूळ चेनवर बसत नाही. मडगार्ड आणि कॅरिअर हवेतच. थंडीत असोद्याची भरताची वांगी आणायची, तर पिशवी हँडलला लटकवू नये, तोल जातो.

दुकानात नुसती बघून घेऊ नकोस, पंधरा मिनिटं चालवून बघ. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेव. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही.

हवा आठवड्याला बघ. कमी हवेत ट्यूब रिमखाली चेमटते, आणि बाभळीच्या काट्यांपासून तर कायम सांभाळायचं. मे महिन्यात सायकल सावलीत लाव, उन्हाने टायर तडकतात. आणि हायवे टाळ. आतल्या रस्त्याने पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

मैत्रिणी तुझ्या सायकलीला साधी म्हणतील. म्हणू देत. दिसायला झोकदार असलेली सायकल महिनाभरात जिन्याखाली धूळ खात पडते, कारण तिच्यावर बसणं नकोसं होतं. अंगाला सोसेल तीच रोज निघते. हीच एक कसोटी लाव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा