आतड्यांतील सूक्ष्मजीव आणि मूलपेशीरोपण झालेली बालके

सुरत, तापी व डांग या जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत, तसेच सीमेलगतच्या नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार अनेक कुटुंबांत आढळतो. सिकलसेल, थॅलसेमिया व काही रक्तकर्करोग यांनी पीडित अशा निवडक बालकांना मूलपेशीरोपणाने नवजीवन लाभू शकते. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर तिच्या भावाच्या अस्थिमज्जेचे यशस्वी रोपण केले, तेव्हा भारतात या उपचाराचा पाया घातला गेला.

रोपण यशस्वी झाले तरी काही बालकांना दीर्घकाळ जुलाब होतात. याचे कारण काय? आपल्या आतड्यांत असंख्य सूक्ष्मजीव वास करतात. त्यांतील बहुसंख्य उपकारक असून ते पचनास साहाय्य करतात व रोगजंतूंना थारा देत नाहीत. रोपणाच्या वेळी द्यावी लागणारी तीव्र औषधे व प्रतिजैविके यांमुळे हे उपकारक जीवही नष्ट होतात. पीक गेलेल्या शेतात तण माजावे, तसे मग रोगजंतू माजतात. कधी दात्याच्या पेशीच बालकाच्या आतड्यांवर हल्ला करतात.

अशा वेळी निरोगी दात्याच्या मलातील सूक्ष्मजीव शुद्ध करून, नळीवाटे किंवा कुपीतून रुग्णाच्या आतड्यांत सोडण्याची पद्धत अभ्यासली जात आहे. १९५८ साली अमेरिकेतील डॉ. आइझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यांच्या गंभीर विकाराने ग्रस्त चार रुग्णांवर हा उपाय योजला होता. ऐकताना किळस वाटली तरी त्यामागे शास्त्र आहे. मात्र मूलपेशीरोपण झालेल्या बालकांसाठी तो अद्याप रूढ उपचार नव्हे.

त्यातील धोकाही जाणून घ्यावा. २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या मलाची पुरेशी तपासणी न झाल्याने औषधांना न जुमानणारे जंतू दोन रुग्णांच्या शरीरात शिरले. त्यांपैकी मूलपेशीरोपण झालेला एक प्रौढ रुग्ण दगावला. म्हणून हा उपाय घरी किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून कदापि करू नये.

पालकांनी जुलाब सुरू होताच रोपण केलेल्या रुग्णालयास कळवावे. दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणू नयेत. दही-ताक एरवी हितकर असले तरी अशा बालकास ते डॉक्टरांच्या अनुमतीनेच द्यावे. उकळून गार केलेले पाणी, ताजे शिजलेले अन्न व साबणाने धुतलेले हात हेच त्याचे खरे रक्षक होत. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी; वेळीच दिलेल्या एका सूचनेने एखादे बालक वाचू शकेल.