या आठवड्याचा पाठ : दिवे बंद केल्यावरचे दोन तास

इंद्रियांना विसावा म्हणजे काय, हे आज आपल्या हैदराबादच्याच एका उदाहरणातून पाहू.

फेब्रुवारी 2023 मध्ये इथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुधीर कुमार यांनी आपल्या एका रुग्णाची हकीकत सर्वांसाठी लिहिली होती. बाईंचं वय 30. आधी ब्यूटिशियन होत्या, विशेष काळजी लागणाऱ्या मुलासाठी काम सोडलं. रोज कित्येक तास फोन, त्यातले दोनहून जास्त तास रात्री दिवे बंद करून. दीड वर्ष त्यांना डोळ्यांपुढे ठिपके, लखलखाट, नागमोडी रेघा दिसायच्या. रात्री उठून बाथरूमला जाताना काही सेकंद काहीच दिसेना! डोळ्यांच्या तपासणीत दोष निघाला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत, फोन कमी करायला सांगितलं. त्यांनी तो अगदी गरजेपुरता ठेवला आणि महिन्याभरात नजर पूर्ववत झाली.

असं का होत असावं? अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास तरी लागतो. त्यात चमकता स्क्रीन समोर धरला की ती तयारी मोडते, मग फोन ठेवल्यावर काळोख जास्तच दाट वाटतो. स्क्रीनकडे बघताना पापण्याही कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. आणि मेंदू? तेच ते मिळत राहिलं की त्याचा प्रतिसाद मंदावतो, त्याला आणखी नवं हवं होतं. म्हणून ‘शेवटचा एक व्हिडिओ’ कधी शेवटचा नसतोच. वर रात्रीचा उजेड झोप आणणारं मेलाटोनिन कमी करतो, ते वेगळंच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं कासव आठवतं ना? अवयव आत ओढून घेणारं. आपण अंथरुणात शिरतो, पण डोळे बाहेरच ठेवतो!

मात्र ही हकीकत वाचून सुनेच्या हातातला फोन काढून घेऊ नका बरं. मूल झोपल्यावरचा तेवढाच वेळ तिचा असतो. तो फोनमध्ये जातो, कारण दुसरी जागाच नसते. म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करा. रात्री जेवणानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत, आजोबांचासुद्धा. आणि घरात जी व्यक्ती दिवसभर कुणाचं तरी करते, तिचं काम संध्याकाळी तासभर दुसऱ्याने घ्यावं.

अचानक दिसेनासं झालं, तर मात्र फोन कमी करून वाट बघत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.