माजी जोडीदाराची सोबत व वैद्याचे कर्तव्य

मनाचे टोकाचे चढउतार असलेल्या रुग्णाचे औषध न्यावयास घटस्फोटानंतरही पूर्वाश्रमीची पत्नीच येते, असे प्रसंग विरळ नाहीत. तिच्याकडून प्रथम चालू गोळ्यांची चिठ्ठी मागवावी. चरकाचार्यांनी उन्मादचिकित्सेत (चि. ९) शोधन सांगितले आहे, तथापि रुग्ण लिथियम घेत असल्यास विरेचनाने द्रवक्षय होऊन त्याची रक्तातील पातळी विषारी होऊ शकते. अचानक मीठ वर्ज्य करणेही घातक. हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. उलट्या, जुलाब, वाढता कंप दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. औषध अन्नात लपवून देण्याची विनंती औषधालयाने नाकारावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्ण साध्या कागदावर लिहून, तिच्या संमतीने, तिला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. विवाहसंबंध उरला नसला तरी. ते पत्र स्वस्थावस्थेतच व्हावे. तिच्या स्वतःसाठीही १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक द्यावा.