जुन्या सेस्नाचा योक बदलताना

हिंजवडीत राहायला आल्यापासून माझ्या आजूबाजूला विमानाचे भाग दिवसभर स्क्रीनवर फिरवून पाहणारी तरुण मुलं आहेत. टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय इथलंच, आणि विमान उद्योगाचं डिझाइनचं काम करणाऱ्या टीम या आयटी पार्कात आहेत. मी एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा अभियंता. उमेदीची वर्षं फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये, बहुतेक सेस्ना १५२ च्या सहवासात गेली. हे दोन आसनी विमान १९७७ ते १९८५ या काळात तयार झालं. म्हणजे आज उडणारं सगळ्यांत तरुण १५२ सुद्धा चाळिशीला आलेलं आहे. त्यातला झिजलेला योक बदलायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं ही मुलं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. आधी हातानं बघा, मग डोळ्यांनी.

योक म्हणजे वैमानिकाच्या हातातलं चाक. फिरवलं की पंखांवरचे एलिरॉन हलतात, ओढलं किंवा ढकललं की शेपटीचा एलेव्हेटर. त्या काळातल्या अनेक छोट्या विमानांत हे चाक धातूच्या सांगाड्यावर प्लास्टिक ओतून केलेलं असे. वर्षं जातात तसं प्लास्टिक आकसतं, आतला धातू आकसत नाही. मग वरचं कवच स्वतःच्याच ताणानं तडकतं. धुळ्याला किंवा बारामतीला एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर उभ्या विमानाच्या काचेतून थेट चाकावर पडणारं ऊन हे काम आणखी लवकर करतं. शिवाय शिकाऊ मुलांचे घामेजले हात. घाबरलेला मुलगा योक किती घट्ट आवळतो, हे शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला विचारा.

तडा बहुतेक वेळा आडवा दांडा कडेला मिळतो तिथं, किंवा अंगठा टेकतो त्या बेचक्यात सुरू होतो. तिथून नख फिरवावं. डोळ्याला जो ओरखडा वाटतो तो नखाला अडला, तर तो ओरखडा नव्हे. कापडानं तेलकटपणा पुसून, बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पुन्हा बघावं. १९६९ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं पायपरच्या काही छोट्या विमानांच्या चाकांतल्या तड्यांसाठी सक्तीच्या तपासणीचा आदेश काढला होता. उड्डाण चालू असताना चाकाचा तुकडा हातात येणं, ही भीती कागदावरची नाही.

२. चामड्याचं कव्हर चढवू नका.

गाडीच्या दुकानातलं, दोऱ्यानं शिवायचं कव्हर हाताला छान लागतं. पण त्याच्या आत तडा किती वाढला हे पुढच्या तपासणीत कुणालाच कळत नाही. एपॉक्सी भरून वर रंग मारण्याबद्दलही माझं हेच मत आहे. निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये जी दुरुस्ती दिलेली नाही, ती दुरुस्ती नव्हे.

३. ‘प्ले’ कुठला आहे ते शोधा.

वैमानिक तक्रार लिहितो, ‘योक ढिला आहे.’ एवढ्यावरून चाक मागवणं म्हणजे दुखणं न शोधता औषध देणं. चाक एका पोकळ नळीवर स्क्रूनं बसवलेलं असतं. ती नळी पॅनेलच्या आरपार जाते. पॅनेलमागं साखळी आणि दातेरी चक्र, तिथून पुढं पंखापर्यंत स्टीलच्या केबल, मध्ये पुल्या, आणि ताण जुळवायला टर्नबकल. ढिलेपणा यातल्या कुठल्याही ठिकाणी असू शकतो.

माझी पद्धत साधी आहे. एकानं नळी पॅनेलजवळ घट्ट धरायची, दुसऱ्यानं चाक हळू हलवायचं. नळी स्थिर राहून चाक हललं, तर स्क्रूची भोकं लांबट झाली आहेत. दोन्ही एकत्र हलून एलिरॉन जागचे हलले नाहीत, तर दोष मागं आहे. मग पाठीवर झोपून, डोकं रडर पेडलांपाशी घालून, पॅनेलखाली शिरायचं. या कामाला पर्याय नाही. नवंकोरं चाक ढिल्या साखळीवर बसवलं की वैमानिकाला ठीक झाल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं जुन्या चाकापेक्षा धोक्याचं.

४. भागाचा कागद हा भागाचाच भाग आहे.

इथली मुलं हमखास सुचवतात, ‘सर, जुनं चाक थ्रीडी स्कॅन करू आणि प्रिंट करून देऊ, दोन दिवसांचं काम.’ त्यांचं कौशल्य मी रोज बघतो. आकार ते अचूक काढतील याची मला खात्री आहे. पण प्रमाणित विमानात आकारावर काम भागत नाही. कुठलं द्रव्य, कुठल्या बॅचमधलं, किती भार सोसतं, उन्हात किती टिकतं, आणि हे सगळं कुणी तपासून सही केली, याची साखळी मान्यताप्राप्त प्रमाणपत्रातून दिसावी लागते. जुन्या विमानातून काढलेलं चाक चालतं, पण तेही मान्यताप्राप्त माणसानं तपासून, कागदासह दिलेलं हवं. भंगारातून आलेलं देखणं चाक बिनकागदाचं असेल, तर माझ्या लेखी ते शोभेची वस्तू आहे.

नवं घडवायचं असेल तर वेगळी वाट आहे, आणि ती अवघड आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. ते २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्यांना स्वतःचा योक घडवायचा आहे त्यांनी त्या वाटेनं जावं, दुसऱ्याच्या सेस्नात तो बसवू नये.

५. खोलण्याआधी खूण करा.

एलिरॉन मधोमध आणून दोन्ही चाकं सपाट आहेत ना, ते बघा. नळी आणि चाकाच्या बुंध्यावर रेघ ओढा, फोटो काढा. विमानाच्या बॅटरीची जोडणी काढा, कारण रेडिओच्या बटणाची वायर बऱ्याचदा त्याच पोकळ नळीतून जाते आणि आत घासून उघडी पडलेली सापडते. काढलेले स्क्रू परत वापरू नका.

६. जोडल्यावर अंगठा वर करा.

चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण आत, पूर्ण बाहेर. कुठं घासतं का, आवाज येतो का, ते ऐका. मग अंगठा सरळ वर ठेवून चाक फिरवा. अंगठा ज्या बाजूला कलतो, त्या बाजूचा एलिरॉन वर गेला पाहिजे. हे आत बसून मान वळवून बघा, आणि बाहेर पंखाजवळ उभ्या माणसाकडून मोठ्यानं वदवूनही घ्या.

हे बाळबोध वाटत असेल तर ११ नोव्हेंबर २०१८ आठवा. लिस्बनजवळ मोठी देखभाल संपवून निघालेलं कझाकस्तानच्या विमान कंपनीचं एम्ब्राएर १९० आकाशात जाताच बेबंद झालं. एलिरॉनच्या केबल चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. वैमानिक एकीकडे वळवत आणि विमान दुसरीकडे कलत होतं. विमानातले सहाही जण वाचले, ते कर्मचाऱ्यांच्या धैर्यामुळं. म्हणूनच कंट्रोलला हात लावला की दुहेरी तपासणी लागते. ज्यानं काम केलं त्याच्या सहीनंतर दुसऱ्या पात्र माणसानं स्वतंत्रपणे सगळं बघून सही करायची. ‘तू केलंयस ना, मग ठीकच असणार,’ असं म्हणणारा सहकारी कितीही जवळचा असला, तरी त्याची सही मला नको असते.

७. कंट्रोल लॉकच्या जागी खिळा नको.

सेस्नात उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून नळीतल्या भोकातून एक पिन घालतात. तिच्या पत्र्यानं इग्निशनची जागा झाकली जाते, म्हणजे पिन न काढता इंजिन चालू करता येत नाही. पिन हरवली की कुणीतरी खिळा घालतं, आणि खिळा काहीच झाकत नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ लॉक न काढताच उडालं आणि कोसळलं. वैमानिकांच्या चेकलिस्टची पद्धत त्या अपघातानंतर रुजली. नवा योक बसवताना पिन भोकात नीट जाते ना, हेही बघा.

८. जुना योक कापा.

लॉगबुकात नव्या भागाचा क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दोन्ही सह्या आल्या की हा शेवटचा हात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला घरच्या सिम्युलेटरसाठी तडकलेला योक हवा होता. मी दिला, पण नळीवर बसतो तो बुंधा करवतीनं कापून, म्हणजे तो कुठल्याही विमानात परत चढणार नाही.