झोपलेल्या संगणकाला हाक

(घरी कोणी नसताना घरचा संगणक दुरून सुरू करता येतो का? करता येतो, पण त्यासाठी घर सोडण्यापूर्वीच काही तयारी करावी लागते. ती तयारी कोणती, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम एक छोटीशी गोष्ट ऐका.

मालेगावला एक कुटुंब राहत होते. थोरला मुलगा पुण्याला शिकत होता. धाकटी बहीण त्याला 'भाईजान' म्हणत असे. एकदा घरातील सर्व मंडळी लग्नासाठी भुसावळला गेली. घराला कुलूप होते. त्याच दिवशी भाईजानचा फोन आला.

"अम्मी, शिष्यवृत्तीचा अर्ज उद्या दुपारपर्यंत भरायचा आहे. माझ्या दाखल्यांच्या प्रती घरच्या संगणकात आहेत. कोणी संगणक सुरू केला, तर मी इथूनच त्या काढून घेईन."

"बेटा, किल्ली तर माझ्याजवळ आहे. संगणक कोण सुरू करणार?"

शेवटी निकाह आटोपताच अब्बू रात्रीच्या एस.टी.ने मालेगावला निघाले. पहाटे त्यांनी कुलूप उघडले आणि संगणकाचे बटण दाबले. अर्ज वेळेवर गेला. पण एक बटण दाबण्यासाठी अब्बूंना रात्रभर प्रवास करावा लागला!

पुढे ईदच्या सुट्टीत भाईजान घरी आला. तो म्हणाला, "अब्बू, पुन्हा तुम्हांला असा त्रास होऊ देणार नाही." त्याने काय केले, ते आता आपण पाहू.

बंद संगणक खरोखर बंद असतो का?

जुन्या संगणकांचे बटण घरातील दिव्याच्या बटणासारखे होते. ते बंद केले की वीज पूर्णपणे तुटत असे. १९९५ साली इंटेल कंपनीने संगणकासाठी 'एटीएक्स' नावाची नवी रचना आणली. या रचनेत संगणक बंद केला तरी, भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत, ५ व्होल्टची थोडीशी वीज आत चालू राहते. पंखा थांबतो, पडदा काळा होतो. पण संगणकाचा एक लहानसा भाग जागा असतो.

घरातील सगळे झोपले, तरी वाड्याच्या दाराशी पहारेकरी जागा असतो ना? तसेच हे आहे. संगणकाला जाळ्याशी जोडणारा भाग, म्हणजे नेटवर्क कार्ड, हाच तो पहारेकरी. बाहेरून योग्य हाक आली की तो आतल्या यंत्राला उठवतो. या पद्धतीला 'वेक ऑन लॅन' असे म्हणतात. 'लॅन' म्हणजे घरातील किंवा कार्यालयातील संगणकांचे स्थानिक जाळे.

हाक कशी मारतात?

वर्गात गुरुजी हजेरी घेतात, तेव्हा सर्व मुले ऐकतात; पण ज्याचे नाव पुकारले जाते, तोच "हाजिर" म्हणतो. संगणकांचेही असेच आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. त्याला 'मॅक अ‍ॅड्रेस' म्हणतात. तो १२ चिन्हांचा असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. संगणकाच्या नेटवर्कच्या माहितीत हा क्रमांक 'फिजिकल अ‍ॅड्रेस' या नावाने दिसतो.

संगणकाला उठवण्यासाठी जो संदेश पाठवतात, त्याला 'मॅजिक पॅकेट' असे नाव आहे. एएमडी या कंपनीने नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. नावात 'मॅजिक' असले, तरी त्यात जादू मुळीच नाही. संदेशाच्या आरंभी ठरावीक ६ बाइट असतात. जणू गुरुजी टेबलावर छडी आपटून सांगतात, "लक्ष द्या!" त्यानंतर त्या संगणकाचा ६ बाइटचा क्रमांक एकापाठोपाठ १६ वेळा येतो. आता हिशोब करा. १६ गुणिले ६ म्हणजे ९६, आणि आरंभीचे ६. एकूण १०२ बाइट झाले.

एकच नाव १६ वेळा कशासाठी? जाळ्यातून रात्रंदिवस कितीतरी संदेश जात असतात. त्यांत तोच क्रमांक योगायोगाने १६ वेळा सलग येणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून पहारेकऱ्याची फसगत होत नाही. हा संदेश जाळ्यातील सर्वांना ऐकू जातो. पण ज्याचा क्रमांक असेल, तोच संगणक जागा होतो.

घर सोडण्यापूर्वी काय करावे?

भाईजानने पुढील गोष्टी क्रमाने केल्या.

पहिली गोष्ट : संगणक सुरू होताना जी मूळ मांडणी उघडता येते, तिला 'बायॉस' म्हणतात. तिच्यात जाऊन त्याने 'वेक ऑन लॅन' ही सोय चालू केली. नंतर विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाला संगणक उठवण्याची परवानगी दिली.

दुसरी गोष्ट : त्याने संगणक आणि राउटर तारेने जोडले. आधी त्यांचा संगणक बिनतारी, म्हणजे वाय-फायने जोडलेला होता. पहिल्या परीक्षेत संगणक उठलाच नाही. बऱ्याच संगणकांत बंद अवस्थेत वाय-फायचा भाग हाक ऐकत नाही. तार जोडताच संगणक जागा झाला.

तिसरी गोष्ट : विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आली. ती चालू असताना संगणक 'शट डाउन' केला, तर पुष्कळदा तो हाकेला उत्तर देत नाही. म्हणून भाईजानने संगणक पूर्ण बंद करण्याऐवजी 'स्लीप', म्हणजे झोपेच्या अवस्थेत ठेवायचे ठरवले.

चौथी गोष्ट : घराबाहेरून हाक आत कशी पोहोचणार, याचा त्याने विचार केला. मॅजिक पॅकेट हे घरातल्या जाळ्यापुरते असते. पुण्याहून ते सरळ झोपलेल्या संगणकापर्यंत जात नाही. त्यासाठी घरात दुसरे कोणी तरी जागे हवे. काही राउटरांतच संगणक उठवण्याची सोय असते. तशी नसेल, तर रास्पबेरी पाय यासारखा हाताच्या पंज्याएवढा लहान संगणक सतत चालू ठेवता येतो. आपण बाहेरून या जाग्या यंत्राला निरोप द्यायचा आणि त्याने घरातल्या घरात हाक मारायची. दारावरच्या माणसाने आत जाऊन झोपलेल्याला उठवावे, तसेच हे आहे. भाईजानच्या राउटरमध्ये ही सोय होती.

वीज गेली तर?

भाईजान घरी असतानाच एका दुपारी वीज गेली. ती परत आल्यावर त्याने हाक मारून पाहिली, संगणक उठेना. झोपेच्या अवस्थेतील संगणकाची वीज तुटली की तो पूर्ण बंद होतो, आणि वीज परत आल्यावर काही संगणकांतील नेटवर्क कार्ड हाक ऐकायला तयार नसते.

यावरही उपाय आहे. बायॉसमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो' अशा अर्थाची एक सूचना असते. ती दिली की वीज येताच संगणक स्वतःच सुरू होतो. भाईजानने ती सूचना दिली. राउटरला त्याने इन्व्हर्टरची वीज जोडली. कारण राउटरच बंद असेल, तर निरोप घ्यायला कोणीच नाही.

याच सूचनेवर दुसरी एक पद्धत आधारलेली आहे. फोनवरून चालू-बंद करता येणारा 'स्मार्ट प्लग' बाजारात मिळतो. बंद संगणकाची वीज त्या प्लगने तोडली आणि पुन्हा दिली, तर संगणकाला वाटते की वीज परत आली, आणि तो सुरू होतो. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. संगणक चालू असताना प्लग कधीही बंद करू नये. तसे केल्यास चालू काम वाया जाते आणि साठवलेली माहितीही बिघडू शकते. आधी संगणक रीतसर बंद करावा, मगच प्लगला हात लावावा.

तिसरी पद्धत गजराची आहे. प्रत्येक संगणकात एक घड्याळ असते. नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या बॅटरीमुळे ते वीज गेली तरी चालू राहते. पुष्कळ संगणकांच्या बायॉसमध्ये या घड्याळाला रोजची वेळ लावून देता येते. सकाळी ७ वाजता सुरू हो, असे सांगितले की संगणक ७ वाजता सुरू होतो. मात्र त्या वेळी घरात वीज हवी. ही पद्धत सर्वांत सोपी आहे. पण अचानक काम निघाले, तर गजराची वेळ होईपर्यंत थांबावे लागते.

उठवणे वेगळे, वापरणे वेगळे

येथे एक फरक लक्षात घ्या. हाक मारल्याने संगणक फक्त जागा होतो. त्यातील कागद दुरून पाहण्यासाठी दूरनियंत्रणाचा कार्यक्रम आधीच बसवलेला असावा लागतो. त्याला भक्कम पासवर्ड असावा. आपले नाव किंवा जन्मतारीख हा पासवर्ड ठेवू नये.

दुसरा धोकाही समजून घ्या. साध्या मॅजिक पॅकेटमध्ये पासवर्ड नसतो. घरच्या जाळ्यात शिरलेला कोणीही, क्रमांक ठाऊक असल्यास, संगणक उठवू शकतो. म्हणून राउटरचे दार साऱ्या जगासाठी उघडे ठेवू नये. बाहेरून घरच्या जाळ्यात येण्यासाठी 'व्हीपीएन' ही सुरक्षित वाट वापरावी. ती जणू किल्लीवाल्यालाच जाऊ देणारी खासगी गल्ली आहे. तसेच, दुसऱ्याचा संगणक त्याच्या परवानगीशिवाय कधीही उठवू नये. न विचारता कोणाच्या घरात शिरणे जसे वाईट, तसेच हेही वाईट.

आणि ज्या कागदांची वारंवार गरज पडते, त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये आपल्याजवळही ठेवावी. एकाच ठिकाणी सर्व काही ठेवणे शहाणपणाचे नाही.

गोष्टीचा शेवट

सुट्टी संपण्यापूर्वी भाईजानने तीन वेळा परीक्षा घेतली. एकदा शेजारच्या खोलीतून, एकदा मोबाइलचे वाय-फाय बंद करून गच्चीवरून आणि एकदा बसस्थानकावरून. तिन्ही वेळा संगणक जागा झाला. मगच तो पुण्याला गेला.

काही महिन्यांनी कुटुंब पुन्हा गावाला गेले होते. भाईजानला परीक्षेच्या अर्जासाठी जुने गुणपत्रक हवे होते. त्याने पुण्याहून निरोप दिला. मालेगावच्या कुलूपबंद घरात संगणकाचा दिवा लागला. काम झाल्यावर त्याने संगणक पुन्हा झोपवला आणि अब्बूंना फोन केला.

"अब्बू, गुणपत्रक मिळाले. तुम्ही आता आराम करा."

अब्बू हसून म्हणाले, "शाबास! बटण तू पुण्याहून दाबलेस. पण खरे काम तू ईदच्या सुट्टीतच केलेस."

मुलांनो, अब्बूंचे हे वाक्य ध्यानात ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. दुरून जे काम क्षणात होते, त्याची तयारी कोणीतरी आधीच जवळ बसून केलेली असते.

शब्दार्थ

हाक – पुकार
निरोप – कोणाबरोबर पाठवलेला संदेश
पहारेकरी – राखण करणारा
फसगत – फसवणूक
कटाक्षाने – काळजीपूर्वक, न चुकता
रीतसर – योग्य पद्धतीने
तहान लागल्यावर विहीर खणणे – गरज पडल्यावर ऐनवेळी धावपळ करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बूंना रात्रभर प्रवास का करावा लागला?
(आ) मॅजिक पॅकेटमध्ये संगणकाचा क्रमांक किती वेळा येतो?
(इ) पहिल्या परीक्षेत संगणक का उठला नाही?

२. कारणे लिहा.
(अ) भाईजानने राउटरला इन्व्हर्टरची वीज जोडली.
(आ) संगणक चालू असताना स्मार्ट प्लग बंद करू नये.

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वर्गातील हजेरी आणि मॅजिक पॅकेट यांत कोणते साम्य आहे?
(आ) "खरे काम तू ईदच्या सुट्टीतच केलेस," असे अब्बू का म्हणाले?

४. पुढील वाक्य भूतकाळात व भविष्यकाळात लिहा.
संगणक जागा होतो.

५. उपक्रम
वर्गातील प्रत्येकाने चिठ्ठीवर सहा अंकी क्रमांक लिहून जवळ ठेवावा. एकाने कोणताही क्रमांक मोठ्याने वाचावा. ज्याचा क्रमांक असेल, त्यानेच उभे राहून पाठातील एक वाक्य वाचावे.