हरमलचा सडा, मनगटावरचे होकायंत्र आणि नकाशाचा कागद

वैद्यकीय व्यवसायात पडलेल्या माणसास रविवार स्वतःचा म्हणून क्वचितच मिळतो. तो मिळाला की आपल्यापैकी बरीच मंडळी अलीकडे डोंगराची वाट धरतात, आणि त्यांच्या मनगटावर दिशा दाखविणारे घड्याळ हमखास असते. घड्याळ असते, पण नकाशा नसतो. क्वचित नकाशा असला तर तो पिशवीच्या तळाशी असतो. या दोहोंची सांगड कशी घालावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या परिपाठाप्रमाणे आधी रुग्णवृत्त देतो. त्यातील चूक सर्वस्वी माझी होती, हेही येथेच नमूद करतो.

काही वर्षांपूर्वी भाद्रपद महिन्यातील एका रविवारी आम्ही सातजण हरमलच्या किनाऱ्यावरून निघालो. गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी जावे, तेथून चढून सड्यावर यावे, उत्तरेकडे चालत केरीला उतरावे आणि फेरीबोटीने तेरेखोलचा किल्ला गाठावा, असा साधा बेत होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवे, गेंद, तेरडा, कवळा अशी बहार असते. त्या फुलांची छायाचित्रे काढता काढता आमच्या बहुतेक मोबाईल फोनांची बॅटरी संपली. दहाच्या सुमारास समुद्राकडून ढग उतरला आणि पाच मिनिटांत वीस पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. त्यातच आमच्यातील ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सारे ‘सर’ म्हणतो, ते शेवाळलेल्या खडकावरून घसरले. घोटा सुजला, पाय टेकवेना. अस्थिभंग असावा हे सांगावयास क्ष-किरणांची गरज नव्हती.

पूर्वेस हरमल–पालये–केरी रस्ता आहे, हे मला ठाऊक होते. सरांजवळ चौघांना ठेवून मी व एक तरुण सहकारी मदत आणावयास निघालो. घड्याळाचे बटण दाबले, आकडा 90 येईपर्यंत फिरलो आणि त्या रोखाने चालू लागलो. थोड्या थोड्या वेळाने बटण दाबून दिशा पाहत होतो. एक किलोमीटरभर चालल्यावर रस्ता लागला नाही. दाट झाडी आणि उतरण लागली. सुदैवाने एक गुराखी भेटला. तो म्हणाला, “हांगा वाट ना, सकयल व्हाळ आसा.” आम्ही तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या खोऱ्यात उतरू लागलो होतो. पूर्वेऐवजी आग्नेयेकडे भरकटलो होतो.

कारण घरी आल्यावर सापडले. बंद पडलेला माझा मोबाईल मी डाव्या हातात धरला होता, घड्याळही डाव्याच मनगटावर होते, आणि मोबाईलच्या आवरणाला मिटण्यासाठी चुंबक बसविलेला होता. मेजावर प्रयोग करून पाहिला. फोन जवळ नेताच आकडा सुमारे पंचवीस अंशांनी सरकला. पंचवीस अंशांची चूक एका किलोमीटरच्या चालीत माणसास चारशे मीटरांहून अधिक बाजूला नेऊन सोडते.

येथे यंत्राची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. कॅसिओची प्रो ट्रेक घड्याळे 1995 पासून आणि फिनलंडमधील सुउंतो कंपनीचे व्हेक्टर हे घड्याळ 1998 पासून गिर्यारोहकांच्या परिचयाचे झाले. अशा घड्याळात सुई नसते. चुंबकीय क्षेत्रानुसार ज्यांचा विद्युत् रोध बदलतो अशा धातूच्या अतिसूक्ष्म पट्ट्या असतात, आणि त्या बदलावरून दिशेचा आकडा काढला जातो. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे चाळीस मायक्रोटेस्ला भरते. आपल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राचे 1.5 टेस्लाचे क्षेत्र त्याच्या पस्तीस हजार पटींहून मोठे आहे. इतका क्षीण संकेत मोजणाऱ्या यंत्राशेजारी आवरणातील चुंबक धरणे म्हणजे हृदयाचे ठोके ऐकताना स्टेथोस्कोपशेजारी ढोल वाजविणे होय. या बाबतीत आपल्या कोकणातील एक दाखला मोठा बोलका आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत चुंबकीय मोजमापे होत असत. शहरातील ट्राम विजेवर चालणार असे ठरले तेव्हा तिच्या प्रवाहाने ही मोजमापे बिघडतील हे ओळखून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलविण्यात आले, आणि तेथील इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली गेली. ट्रामसाठी वेधशाळा गाव सोडून गेली. मला फोन खिशात ठेवणे सुचले नाही!

तेव्हा घड्याळ वाचताना ते शरीरापासून पुढे व आडवे धरावे. फोन, सुरी, पोलादी काठी हातभर दूर असावी. बॅटरी बदलल्यावर, तसेच दर सहलीच्या आरंभी, मोकळ्या जागी घड्याळ सावकाश पूर्ण फिरवून त्याचे अंशशोधन करावे. प्रत्येक बनावटीची रीत तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. एक गोष्ट मात्र गोमंतकात आपल्या सोयीची आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, म्हणून येथे चुंबकीय बलरेषा जमिनीकडे फारशा झुकलेल्या नाहीत, आणि घड्याळ किंचित कलते धरल्याने होणारी चूक युरोपातल्यापेक्षा पुष्कळ कमी असते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक, ज्यास दिक्पात म्हणतात, तोही येथे एक-दोन अंशांच्या आतच आहे. एक अंश म्हणजे किलोमीटरमागे सतरा-अठरा मीटर. पायी चालणाऱ्याने तो सोडून दिला तरी चालेल. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाऊन तेथील डोंगर चढणाऱ्या आई-वडिलांनी ही सवलत घेऊ नये. सिअ‍ॅटलच्या परिसरात हा फरक पंधरा अंशांच्या आसपास, तर न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ वीस अंशांहून अधिक आहे.

येथवर झाली ती यंत्राची कथा. माझी दुसरी चूक अधिक मूलभूत होती. होकायंत्र दिशा सांगते, ठिकाण सांगत नाही. मी कोठून पूर्वेकडे निघालो हेच मला ठाऊक नव्हते. मग आकडा अचूक असता तरी रस्ता किती अंतरावर लागेल हे मला सांगता आले नसते. वस्तुतः ढग येण्यापूर्वी, फोन अद्याप खिशात असताना, मी हौसेने दोन दिशाकोन घेतले होते. उत्तरेकडे तेरेखोलचा किल्ला सुमारे 337 अंशांवर, आणि दक्षिणेकडे मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यापलीकडे शापोऱ्याचा किल्ला सुमारे 157 अंशांवर. दोन ठळक खुणा मिळाल्या, आता आपले स्थान निश्चित, असे मला वाटले. घरी नकाशावर कोनमापक ठेवून रेघा ओढू लागलो तेव्हा डोळे उघडले. 337 मधून 180 वजा केले की 157 उरतात! दोन्ही किल्ले आणि हरमलचे टोक जवळजवळ एकाच रेषेत आहेत, त्यामुळे दोन रेघा एकमेकींस छेदत नाहीत, एकीवर एक पडतात. त्या रेघेवर मी कोठेतरी होतो एवढेच त्यातून कळले, आणि किनाराही त्याच रोखाने धावत असल्याने समुद्राचा आधार घेऊनही अधिक काही हाती लागले नसते. एकाच गोष्टीची खूण देणाऱ्या दोन तपासण्या केल्याने निदान पक्के होत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे हवी होती ती पूर्वेकडील एखादी खूण, टेकडीचा माथा किंवा मनोरा, की जिची रेघ पहिल्या रेघेस साधारण काटकोनात छेदेल. ती आकाश निरभ्र असताना मिनिटभरात मिळाली असती.

या कामासाठी नकाशा कोणता? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या जुन्या मालिकेत हरमल 48 ई/10 या पत्रकावर येते. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे प्रमाण पायी चालणाऱ्यास सोयीचे आहे. किनारपट्टीची अशी पत्रके पूर्वी सर्वसामान्यांस सहजी मिळत नसत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुली मालिका वेगळी करण्यात आली. जुने पत्रक वापरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट पद्धतीचे आहेत आणि फोनमधील उपग्रहाधारित आकडे वेगळ्या पद्धतीचे. पेडण्यात त्यांच्यात शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडतो. दुसरे म्हणजे जुना कागद नवे जग जाणत नाही. मोपाच्या पठारावर त्यात नुसता सडा दिसेल, जेथे जानेवारी 2023 पासून विमाने उतरत आहेत. डोंगर, ओढे आणि नदी मात्र जुन्या कागदावरही खरे बोलतात. समोच्च रेषांमधील अंतर वीस मीटरांचे असल्याने हरमलसारख्या ठेंगण्या टेकड्यांवर मोजक्याच रेषा येतात, आणि लहानसा उंचवटा दोन रेषांच्या मध्ये हरवून जातो.

घड्याळातील उंचीमापकावर विसंबून ही उणीव भरून काढता येईल असे कोणास वाटेल. ते यंत्र वस्तुतः हवेचा दाब मोजते. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर. उष्ण कटिबंधात मात्र सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तो तीनएक हेक्टोपास्कलने उतरतो. हरमलच्या वाळूत सकाळी शून्यावर लावलेले घड्याळ त्याच वाळूत दुपारी पंचवीस मीटर उंची दाखवील. ज्ञात उंचीच्या जागी ते पुनःपुन्हा जुळवून घेतले तरच उपयोगाचे.

घड्याळाला पाटी नसल्याने ते नकाशावर ठेवून कोन मोजता येत नाही. त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतील पारदर्शक कोनमापक उत्तम. कोन आदल्या रात्री घरी मोजून कागदावर लिहून ठेवावेत, तसेच डाव्या-उजव्या हाताला काय राहील तेही लिहावे. केरीच्या फेरीबोटीचा धक्का गाठावयाचा असेल तर थेट धक्क्याचा कोन धरू नये. किंचित पूर्वेकडे झुकता कोन धरावा. तेरेखोल नदी आडवी येईलच, आणि ती आली की डावीकडे, प्रवाहाबरोबर वळावे. थेट नेम धरणारा नदीवर पोहोचतो, पण धक्का डावीकडे की उजवीकडे हे त्यास उमगत नाही. अंतरासाठी पावले मोजावीत. शंभर मीटरला आपली किती दुहेरी पावले होतात हे ज्याने त्याने मैदानावर पाहून ठेवावे. माझी बासष्ट होतात.

राहता राहिली ती दूरध्वनीची गोष्ट. गुराख्याने रस्त्यावर आणून सोडल्यावर सहकाऱ्याच्या साध्या फोनवरून मी 108 ला कळविले, “केरीच्या सड्यावर एका गृहस्थांचा पाय मोडला आहे.” पलीकडून अत्यंत योग्य प्रश्न आला, “कोणते केरी?” पेडण्यात केरी आहे, सत्तरीत केरी आहे, फोंड्यातही केरी आहे. मी तालुका सांगितला, पण सड्यावरील नेमके ठिकाण सांगू शकलो नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. अक्षांशातील एक सेकंद म्हणजे सुमारे एकतीस मीटर. ते आकडे कागदावर असते तर रुग्णवाहिका कोणत्या वाटेने जवळ आणावी हे ठरविता आले असते. अखेर तोच गुराखी पुढे होऊन सर्वांना घेऊन गेला. सरांना सड्यावर पावसात पावणेतीन तास पडून राहावे लागले, त्यांतील तासभर तरी माझ्या चुकीच्या पूर्वेचा होता.

घोट्याची शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले. पुढील वर्षी भाद्रपदात सर पुन्हा आमच्याबरोबर हरमलला आले. निघताना त्यांनी माझा फोन मागून घेतला, आवरण काढून गाडीत ठेवले आणि फोन स्वतःच्या पिशवीत टाकला. नकाशाचा कागद मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. त्या दिवशी आम्हास बाराची फेरीबोट मिळाली.