असन्निधानकाळातील निष्कपट आचरण

परमेश्वर अवताररूपाने समोर विद्यमान असताना त्याच्याजवळ राहणे आणि तो दृष्टीआड झाल्यावर त्याच्याजवळ राहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या शास्त्रात पहिल्या अवस्थेस सन्निधान व दुसरीस असन्निधान म्हणतात, हे उपदेशी वाचकांस सांगावयास नको. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हापासून आपण सारे असन्निधानातले जीव आहोत. सन्निधानात भक्ताच्या खोटेपणाला वावच थोडा. समोर बसलेला सर्वज्ञ मनातले जाणून तेथल्या तेथे बोलणार, प्रसंगी शब्दाने टोचणार, प्रसंगी माघारी पाठविणार. असन्निधानात तसे बोलणारे कोणी नाही. देवपूजेस बसलेला मनुष्य मनात काय घोळवीत आहे हे शेजारच्याला कळत नाही, आणि ज्याला कळते तो मौन धरून आहे. कपटाला इतकी मोकळीक दुसऱ्या कोणत्याही काळी मिळत नाही, आणि म्हणून असन्निधानातील साधकापुढचा पहिला प्रश्न नामस्मरण किती झाले हा नसून स्मरण करणारा आतबाहेर एक आहे की नाही हा आहे.

वासनिक मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. भिक्षुकांनी संसार टाकला, त्यांना अटन आहे, विजन आहे, भिक्षान्न आहे. आम्ही दुकान, शेती व नोकरी यांत गुंतलेले, आम्हांस देवाची जवळीक कोठून? या तक्रारीत नम्रता आहे, परंतु थोडी पळवाटही आहे. असन्निधानकाळी परमेश्वराच्या जवळ नेणारी जी चार साधने आचार्यपरंपरेने सांगितली, ती स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक अशी आहेत. या चारांतील दोन साधने चालतीबोलती माणसे आहेत, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. ज्या ओट्यावर स्वामी बसले तो ओटा आपण डोके टेकून वंदितो, संबंधी पाषाण जिवापाड जपतो. पण ज्या वासनिकाला आपण काल उधारीच्या हिशेबात फसविले, तोही त्याच चार साधनांपैकी एक आहे. स्थानाला दंडवत आणि वासनिकाला फसवणूक, हे एकाच हातून घडत असेल तर त्या दंडवताचे मोल काय राहिले?

आता कोणी म्हणेल, वासनिकाशी खरेपणाने वागू, परंतु बाजारातल्या परक्या गिऱ्हाइकाचे काय? त्याचा विचार पुढे येईल. आधी फलटणास जाऊ.

सातारा जिल्ह्यातील फलटण हे आपल्या पंथाचे थोर तीर्थ. बाणगंगेच्या काठी वसलेल्या या गावी, परंपरेप्रमाणे शके १०४३ मध्ये (इ.स. ११२१) जनकनायक व जनकाइसा यांच्या पोटी श्रीचक्रपाणिप्रभूंचा अवतार झाला. कऱ्हाडे ब्राह्मणाचे ते घर. श्रीकृष्ण मंदिर व आबासाहेब मंदिर येथे दूरदूरचे भाविक येतात, आणि चैत्रातील यात्रेत तर पाऊल ठेवावयास जागा नसते. जन्मस्थान वंदून मंडळी धन्य होतात, ते योग्यच आहे. परंतु या अवताराने पुढे काय केले, ते फलटणहून परतताना किती जण मनात घोळवितात याविषयी शंका वाटते. फलटण सोडून प्रभू माहुरास गेले. तेथे व्याघ्रवेष धारण केलेल्या श्रीदत्तात्रेयप्रभूंनी त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला, आणि तेथून ते द्वारावतीस आले. द्वारावतीत त्यांनी मठ बांधला नाही, गादी मांडली नाही. हाती खराटा व सूप घेऊन ते नगरीच्या वाटा झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत नेऊन टाकीत. त्याच खराट्याचा किंवा सुपाचा स्पर्श करून त्यांनी बावन्न पुरुषांना विद्यादान केले.

वाट झाडण्याच्या कामाचा एक विशेष आहे. आज झाडलेली वाट उद्या पुन्हा मळते. काल कोणी झाडले, नीट झाडले की वरवर झाडले, याचा पुरावा दुसऱ्या दिवशी उरत नाही. मंदिराचा कळस चढविणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते, झाडणाऱ्याचे कोठेच नाही. स्तुतीची जेथे आशाच नाही असे काम परमेश्वरानेच पत्करलेले पाहिल्यावर, सेवा चारचौघांत दिसावी म्हणून धडपडणाऱ्या आपणांस थोडा संकोच वाटावयास हवा. ज्या सेवेचा साक्षीदार केवळ परमेश्वर, तिच्यातच आपला खरेपणा पारखला जातो. उपहार अर्पण करताना आपले नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले गेले नाही म्हणून रुसणारे भाविक आपल्यांत नाहीत असे नाही.

हाच खरेपणा आपल्या आद्य ग्रंथाच्या जन्मातही दिसतो. स्वामींच्या वियोगानंतर भटोबास ऋद्धिपुरी एकांतात बसून लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांनी त्यांना विचारले, आपण नित्य हे काय मनन करता? लीळा आठवितो, हे उत्तर ऐकून म्हाइंभटांच्या मनात आले की ही मंडळी गेल्यावर पुढच्यांनी काय आठवावे? त्यातून इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध होऊ लागले, आणि मराठी गद्याला पहिला मोठा ग्रंथ मिळाला. मराठीच्या अभ्यासकांना त्यातील भाषेचे अपूर्व वाटते. साधकाने मात्र निराळी गोष्ट पाहावी. म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले त्याच्याकडे जाऊन ते विचारले, भटोबासांकडून पारखून घेतले, आणि पुढेही जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे एकीला दाबून दुसरी सजविण्याचा मोह परंपरेने टाळला. निरनिराळे शोध व पाठ नावानिशी राखले गेले.

याहून विलक्षण बाब म्हणजे या ग्रंथात भक्तांचे दोष झाकलेले नाहीत. सेवेवरून होणाऱ्या कुरबुरी, प्रसादावरून वाटणारा मत्सर, बाइसांचा राग, प्रवासातला कंटाळा, सारे काही तेथे आहे. खुद्द म्हाइंभट विद्येच्या ताठ्यात स्वामींना वादात जिंकावयास आले होते, हेही तेथेच लिहिलेले आहे. ज्यांच्याकडून हे वृत्त गोळा केले ते बहुतेक हयात होते. आपल्या उणिवा गाळाव्यात असा आग्रह त्यांना धरता आला असता, आणि परक्यांपुढे पंथाची शोभा राहावी असे सबळ कारणही देता आले असते. तरीही दोष राहिले, कारण भक्ताच्या दोषावर स्वामींनी काय म्हटले तेच तर जतन करावयाचे होते. दोष गाळला असता तर त्याबरोबर स्वामींचा शब्दही गेला असता. माझ्या मते निष्कपटतेचा याहून मोठा धडा आपल्या वाङ्मयात नाही. जो आपला दोष लपवितो तो त्या दोषावरचे परमेश्वराचे बोलणेही स्वतःपर्यंत येऊ देत नाही. दोष घडल्याने अंतर पडते खरे, परंतु अनुताप व प्रायश्चित्ताने ते भरून येते. लपविलेल्या दोषाला अनुतापच स्पर्श करीत नाही, मग भरून येणार कसे?

येथे एक शंका संभवते. आपल्या पूर्वाचार्यांनी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, ते लपविणे नव्हे काय? नव्हे. अनधिकाऱ्याच्या हातून ब्रह्मविद्येची हेळसांड होऊ नये म्हणून तिला कुलूप घालणे निराळे, आणि स्वतःविषयी दुसऱ्याचा गैरसमज व्हावा म्हणून पडदा धरणे निराळे. पहिले जतन आहे, दुसरे कपट. असो.

आता साताऱ्याजवळच्या माहुलीचे एक उदाहरण देतो. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील या क्षेत्री जन्मलेले रामशास्त्री प्रभुणे आपल्या पंथाचे नव्हते. त्यांचा मार्ग स्मार्त, कर्मकांडाचा. तरी सचोटीचा विचार करताना त्यांना वगळून पुढे जाणे कोत्या मनाचे होईल. इ.स. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाल्यावर, त्या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त, असे त्यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितले आणि पुणे सोडून वाईजवळच्या पांडववाडीस निघून गेले. हा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आपल्या विषयाला मात्र त्याआधीचा, थोरल्या माधवरावांच्या वेळचा एक प्रसंग अधिक जवळचा आहे. तो ग्रँट डफ याने आपल्या इतिहासात नोंदविला आहे.

तरुण माधवरावांना जपाचे वेड लागले होते. एकदा रामशास्त्री राज्याच्या कामासाठी गेले तेव्हा पेशवे जपात मग्न होते. शास्त्री मुकाट्याने परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आदल्या दिवसाबद्दल दिलगिरी दर्शविली, परंतु आपण देवकार्यात होतो असा बचावही केला. त्यावर शास्त्र्यांनी सुनावले की, जपच करावयाचा तर गादी सोडा, आपण दोघेही गंगातीरी जाऊन बसू. परंतु ब्राह्मण असून राजाचे काम पत्करले असेल तर रयतेचे हित पाहणे हाच धर्म. माधवरावांनी ऐकले आणि ती बैठक सोडली.

हा प्रसंग जपाच्या विरुद्ध आहे असे समजण्याची चूक करू नये. नामस्मरण हे असन्निधानातील साधकाचे जीवन आहे, त्याला पर्याय नाही. येथे दोष जपाचा नव्हता, जपाआड कर्तव्य झाकले जात होते त्याचा होता. दाराशी न्याय मागणारा माणूस ताटकळत आहे आणि आत जपमाळ फिरत आहे, अशा वेळी ती माळ नेमकी कोणाची सेवा करते? माधवराव दांभिक नव्हते. खऱ्या श्रद्धेनेच ते बसत असतील, आणि म्हणूनच हे उदाहरण आपणांस बोचावयास हवे. दांभिकाला आपले ढोंग निदान ठाऊक असते. प्रामाणिक भाविकाला मात्र आपली भक्तीच आपली पळवाट झाली आहे हे कळत नाही, आणि ते सांगणारा रामशास्त्री प्रत्येकाच्या दाराशी येत नाही. आपल्याकडे ते काम गुरूचे व वडील भिक्षुकांचे आहे. त्यांच्याजवळ आपले वर्तन आहे तसे सांगितले नाही तर ते तरी काय सांगणार?

माहुलीहून कृष्णा वाहत सांगलीकडे जाते. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील काठाच्या मातीत जमिनीखाली पेवे खणून हळद साठविण्याची रीत पिढ्यान्पिढ्या होती. तोंड अरुंद, आत पोट मोठे, आणि वरून हवाबंद. वर्षानुवर्षे ठेवलेल्या हळदीला कीड लागत नसे, रंगही उतरत नसे. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जिवाला धोक्याची असे, म्हणून ते काही काळ उघडे ठेवल्यावाचून त्यात माणूस उतरवीत नसत. २००५ च्या महापुरात यांतील बहुतेक पेवे निकामी झाली. सांगलीचा हळदीचा लौकिक मात्र कायम आहे, आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्या पेवात माल घालताना पाहणारे थोडे आणि तो बाहेर येईल तेव्हा घालणारा समोर असेलच असे नाही. अशा व्यवहारात केवळ भरवसाच चालतो. परक्या गिऱ्हाइकाचा जो प्रश्न मागे ठेवला होता, त्याचा विचार येथे होतो. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिसेयुक्त क्रोमेटचा रंग चढविण्याचा दुष्ट प्रकार आपल्या उपखंडात झालेला आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी तो उघडकीस आणला. शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते. असा रंग देणारा मनुष्य स्वतःला फार तर थोडा असत्यवादी समजेल. आपल्या शास्त्राच्या दृष्टीने तो हिंसा करतो, आणि अहिंसा तर आपल्या आचाराचा पायाच आहे. ज्या मुलाच्या पोटात ते विष जाईल त्याचे नावही विकणाऱ्याला ठाऊक नसते. ते मूल वासनिकाचे आहे की परक्याचे, या प्रश्नाला येथे काही अर्थच उरत नाही.

इतके ढळढळीत पाप आपल्या वासनिकांकडून घडत नाही असे धरून चालू. घडतात त्या बारीक गोष्टी: काट्यावर पाव किलोची मार, जुन्या मालावर नव्याचे नाव, मजुराच्या अर्ध्या दिवसाची कपात. यांवर एक तोडगा आपल्यांत रूढ होऊ पाहत आहे, त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. असा मिळालेला पैसा चैत्रात फलटणास उपहाराच्या रूपाने अर्पण करावयाचा आणि मोकळे व्हावयाचे. परंतु जे मजुराचे आहे ते देवाला देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? मजूर ठाऊक असेल, गावात असेल, तर यात्रेस निघण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन त्याचे त्याला द्यावे, आणि कशाबद्दल देत आहोत तेही सांगावे. हे सांगणेच अवघड जाते, पैसे देणे तितके अवघड नाही. गिऱ्हाईक अनोळखी असेल, पुन्हा भेटणारच नसेल, तर आधी काटा दुरुस्त करावा. मागचे जे परत करता येत नाही ते गुरूंपुढे रकमेसह उच्चारावे आणि ते सांगतील ते प्रायश्चित्त घ्यावे. मोघम, काही चुकले असेल तर क्षमा असावी, असे म्हणू नये. किती चुकले ते आपल्या वहीत असतेच.